कर्ता नसलेली वाक्ये

साहित्याच्या वर्गात आपण जी संहिता कधीच वाचत नाही, तिच्याविषयी हा लेख आहे. जठरातल्या अल्सरमधून होणारा रक्तस्राव थांबवणारी उपकरणे माणसावर वापरण्याआधी कुत्र्यांवर आणि डुकरांवर तपासली जातात. त्या तपासणीच्या शोधनिबंधांत 'साहित्य आणि पद्धती' अशा मथळ्याचा एक भाग असतो. या मथळ्यातले 'साहित्य' आपले नव्हे, याची मला कल्पना आहे. पाककृतीच्या डोक्यावर 'लागणारे साहित्य' म्हणून जे येते, त्या जातीचे ते आहे. मात्र त्या यादीत एंडोस्कोप, विद्युतजनित्र, हेपॅरिन यांच्या जोडीला कुत्राही येतो. कुत्रा साहित्यात कसा आला, असा प्रश्न पडला तर तो साहित्याच्या शिक्षकाच्या अधिकारकक्षेत येत नाही, असे निदान मला तरी वाटत नाही.

शास्त्रीय गद्याला शैली नसते, ते काचेसारखे पारदर्शक असते आणि पलीकडची वस्तुस्थिती जशीच्या तशी दाखवते, असा समज आपल्या समीक्षाव्यवहारात मुरलेला आहे. कवितेतल्या स्वल्पविरामावर आपण तासभर बोलतो. जिच्यावर उद्या आपला किंवा आपल्या आप्ताचा जीव टांगलेला असेल, त्या संहितेपुढे मात्र 'तो आपला प्रांत नव्हे' म्हणून हात जोडतो. माझा दावा याच्या उलट आहे. या गद्याला शैली आहे, ती कमालीची सराईत आहे, आणि ती एक ठरावीक काम करते: क्रिया शाबूत ठेवून कर्ता नाहीसा करते. कर्ता गेला की हिशेब कोणाकडे मागायचा ते कळत नाही. हिशेब मागता आला नाही की 'याची गरज होती का?' हा प्रश्न व्याकरणातच बसेनासा होतो.

१.

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण वस्तुस्थितीला बगल देऊन केलेली भाषासमीक्षा ही निव्वळ शब्दांची आतषबाजी ठरते.

१९७०च्या दशकापर्यंत अल्सरमधून जोराचा रक्तस्राव सुरू झाला की डॉक्टरांच्या हाती मोजकेच उपाय असत. रक्त भरायचे, वाट पाहायची, आणि थांबले नाही तर पोट उघडायचे. लवचीक एंडोस्कोप आल्यानंतर रक्त कोठून येते ते डोळ्यांनी दिसू लागले. पण दिसते तर तिथेच, त्याच नळीतून, ते थांबवता का येऊ नये? लेसर, विद्युतप्रवाह, तापवलेली सळई असे अनेक उमेदवार पुढे आले. त्यांच्यात निवड कशी करायची, ही खरी अडचण होती. दोन रुग्णांचे अल्सर सारखे नसतात. एकाचे रक्त आपोआप थांबते, दुसऱ्याचे थांबत नाही. तुलना करायची तर जखमा एकसारख्या हव्यात, आणि निसर्ग एकसारख्या जखमा पुरवीत नाही.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका गटाने हा प्रश्न सोडवला. प्रोटेल, सिल्व्हरस्टाइन, रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात एका उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव 'अल्सर मेकर'. भूल दिलेल्या कुत्र्याच्या जठराच्या अस्तरावर ते टेकवले की ठरावीक व्यासाची, ठरावीक खोलीची चकती कापली जाते आणि रक्त वाहू लागते. ते आपोआप गोठू नये म्हणून कुत्र्याला हेपॅरिन दिलेले असते. अशा एकसारख्या जखमांपैकी काहींवर उपाय करायचा, काही तशाच वाहू द्यायच्या आणि फरक मोजायचा. दोनच वर्षांनी, १९७८ साली, याच वर्तुळातून 'हीटर प्रोब' पुढे आला. एंडोस्कोपमधून आत सरकवायची, टोकाशी तापणारी ही सळई आहे. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॉन्स्टन, जेन्सन आणि ऑथ यांनी कुत्र्यांच्या पोटातल्या धमन्यांवर लेसर, विद्युत आणि उष्णता यांची तुलना केली. त्यांच्या १९८७च्या निबंधाचे सार असे, की नुसती उष्णता पुरत नाही. आधी सळईने वाहिनी दाबून तिच्या भिंती एकमेकींना भिडवायच्या आणि मग उष्णता द्यायची, म्हणजे त्या भिंती चिकटतात. अंतरावरून मारा करणाऱ्या लेसरला हे दाबणे जमत नाही. दाबून दिलेल्या उष्णतेने सुमारे दोन मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या बंद होतात, असे त्या प्रयोगांत दिसले. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञपरिषदेने अशा स्पर्श करणाऱ्या उष्ण आणि विद्युत सळयांना पसंती दिली. पुढे क्लिपा आल्या, फवारायच्या खनिज भुकट्या आल्या. कुत्र्यांची जागा बहुतांशी डुकरांनी घेतली. अशाच एका भुकटीसाठी डुकराची धमनी मोकळी करून जठराच्या पोकळीत आणून सोडली गेली आणि कापली गेली, म्हणजे रक्त उसळी मारून यावे. तो निबंध २०११चा. त्याच वर्षी हाँगकाँगमधल्या वीस रुग्णांवर केलेला तिचा पहिला वापर प्रसिद्ध झाला.

हे सारे व्यर्थ होते, असे मी म्हणणार नाही. म्हणूच शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका मध्यरात्री माझ्या वडिलांना रक्ताची उलटी झाली. पहाटे एंडोस्कोपीच्या खोलीत डॉक्टरांनी अल्सरच्या तळाशी उघडी पडलेली वाहिनी शोधली, तिच्याभोवती अ‍ॅड्रिनलीनचे इंजेक्शन दिले, सळईने ती दाबून धरली आणि उष्णता दिली. वडील आठवडाभराने घरी आले आणि त्यानंतर बरीच वर्षे आमच्यात होते. म्हणजे त्या कुत्र्यांचा मी ऋणको आहे. या लेखातला राग हा ऋणकोचा राग आहे. कर्ज नाकारण्यासाठी तो नाही. कर्जाचा कागद ज्या भाषेत लिहिला आहे, त्या भाषेत धनकोचे नावच येत नाही, यासाठी तो आहे.

२.

पहिला आक्षेप प्रयोगाविषयी आहे. हा शब्द मी येथे व्याकरणातल्या अर्थाने वापरतो.

शाळेत आपण 'रावण रामाकडून मारला गेला' हे वाक्य नवीन कर्मणीचे उदाहरण म्हणून घोकले. इंग्रजीच्या छायेत मराठीत रुजलेला हा प्रयोग. पण त्यात निदान 'रामाकडून' तरी आहे. मारणारा मागे गेला, तृतीया सोडून शब्दयोगी अव्ययाच्या आधाराला आला, तरी वाक्यातून हद्दपार झाला नाही. प्रयोगशाळेच्या गद्यात हा रामही उरत नाही. त्या निबंधांची शैली मराठीत उतरवायची तर ती आपल्या सरकारी परिपत्रकासारखी उतरेल: प्राण्यांना भूल देण्यात आली, उदर उघडण्यात आले, व्रण निर्माण करण्यात आले, सात दिवसांनंतर प्राण्यांचा अंत करण्यात आला. 'करण्यात आले' हे रूप मराठी वाचकाला चांगले परिचयाचे आहे. जमाव पांगवण्यात आला, झोपड्या हटवण्यात आल्या, चौकशीचे आदेश देण्यात आले. हे रूप कार्यालयात दिसले की आपण लगेच ओळखतो, की येथे कोणीतरी लपले आहे. मग प्रयोगशाळेत दिसल्यावर त्याला 'वस्तुनिष्ठता' का म्हणतो?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. कर्ता कोण हे विज्ञानात महत्त्वाचे नसते. कोणीही केले तरी तेच घडले पाहिजे, आणि म्हणूनच कर्ता गाळतात. उत्तर देखणे आहे. पण आता अनेक नियतकालिके 'आम्ही' चालवून घेतात, आणि तो 'आम्ही' कोठे उगवतो ते पाहावे. आम्हाला असे आढळले, आम्ही असा निष्कर्ष काढतो, आम्ही प्रथमच दाखवून देत आहोत. श्रेयाच्या वाक्यांत प्रथम पुरुष आहे आणि पोट उघडण्याच्या वाक्यांत कोणताच पुरुष नाही. कर्ता खरोखर बिनमहत्त्वाचा असता, तर तो दोन्हीकडून गेला असता.

आणि १९७६च्या निबंधाच्या मथळ्यातली विसंगती पाहा. 'अल्सर मेकर' म्हणजे व्रणकर्ता. जखम करणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, असा एकमेव कर्ता म्हणजे ते उपकरण. माणसाच्या हाताने केलेली क्रिया पात्याच्या नावावर जमा झाली. एखाद्या कवीने हे जाणून केले असते, तर आपण त्यावर प्रबंध लिहिले असते.

ही सवय किती खोल गेली आहे, त्याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा कुत्र्यांच्या नव्हे, एका माणसाच्या संदर्भात सापडतो. पर्थमधल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असल्याचा संशय होता. मार्शल यांनी डुकराच्या पिल्लांना त्याची लागण करून पाहिली; ती झाली नाही. अखेर १९८४ साली त्यांनी त्या जिवाणूचे संवर्धन स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. या घटनेचा निबंध १९८५ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच्या सारांशात 'मी प्यालो' असे वाक्य असेल, अशी साहित्याच्या विद्यार्थ्याची अपेक्षा असणार. तेथे आहे तो एक स्वयंसेवक, ज्याचे जठर आधी निरोगी होते आणि ज्याला तोंडावाटे जिवाणू मिळाले. स्वतःच्या पोटावर प्रयोग करणाऱ्यालाही ही भाषा 'मी' म्हणू देत नाही. ज्या शैलीत माणूस स्वतःलाही तृतीय पुरुषी करून टाकतो, त्या शैलीत कुत्र्याला कोणता पुरुष मिळणार?

३.

दुसरा आक्षेप एका शब्दाविषयी. इंग्रजी निबंधांत प्राणी मारला जात नाही, त्याचे 'सॅक्रिफाइस' होते. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही 'काल दोन रॅट सॅक्रिफाइस केले' हे वाक्य सहज ऐकू येते. मायकेल लिंच या समाजशास्त्रज्ञाने १९८८ साली या शब्दावरच एक निबंध लिहिला. प्रयोगशाळेत दोन प्राणी असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे: एक खाणारा, चावणारा, घाबरणारा आणि दुसरा आलेखांत, आकड्यांत उरणारा. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारा विधी म्हणजे हे 'सॅक्रिफाइस'.

मराठीत हा शब्द अधिक कसून तपासता येतो, कारण आपल्याकडे 'बळी' बरोबर तीन क्रियापदे येतात. बळी दिला जातो, बळी घेतला जातो, बळी जातो. देणारा आपले काहीतरी देतो. घेणारा दुसऱ्याचे घेतो. जाणारा नुसता जातो. प्रयोगशाळेची भाषा या तिघांतले पहिले क्रियापद उचलते, म्हणजे त्यागाचे पुण्य तिच्या पदरात पडते. पण ज्याचे गेले तो देणारा नव्हता, आणि ज्याने दिले म्हणायचे त्याचे काही गेले नाही.

यावर कोणी म्हणेल, की ही शब्दांची झाकपाक आपल्या पूर्वजांनीही केली. केलीच. श्रौत यज्ञात पशू मारण्याच्या क्रियेला 'संज्ञपन' म्हणत. तिच्यात पशूची संमती मिळवल्याचा भाव आहे. मारणाऱ्याला 'शमिता' म्हणत, म्हणजे शांत करणारा. 'मार' हा शब्द उच्चारू नये, तो माणसांचा शब्द आहे, असे शतपथ ब्राह्मण बजावते. ऋत्विज तेवढ्या वेळापुरते पाठ फिरवून बसतात, म्हणजे साक्षीदार व्हायला नको. इतका सोज्ज्वळ कांगावा शोधून सापडायचा नाही. यज्ञसंस्थेची वकिली करण्याची मला हौस नाही. पण त्या व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या, ज्या प्रयोगशाळेच्या गद्यात नाहीत. एक, शमिता हे पद होते. कोणाच्या हातून मरण घडले ते ठरलेले होते, त्याला नाव होते, यज्ञमंडपात जागा होती. दोन, पशू ओरडला किंवा त्याने पाय झाडले, तर त्याबद्दल वेगळी प्रायश्चित्ताहुती द्यावी लागे. म्हणजे शब्दांनी कितीही झाकले, तरी काहीतरी चुकल्याची नोंद ठेवायला विधीत एक रकाना होता. 'साहित्य आणि पद्धती' मध्ये हा रकाना नाही. आधुनिक प्रयोगशाळेने यज्ञातला शब्द घेतला आणि प्रायश्चित्त तेथेच ठेवले.

४.

तिसरा आक्षेप 'मॉडेल' या शब्दाविषयी, आणि येथे साहित्याच्या शिक्षकाला काही शिकवण्यासारखे आहे, असे मी धीटपणे म्हणतो.

'अ‍ॅनिमल मॉडेल' ही एक उपमा आहे. उपमेय माणसाचा अल्सर, उपमान कुत्र्याच्या जठरावरची ताजी जखम. साधारणधर्म काय? वाहिनीतला रक्तदाब, रक्ताचे गोठणे, उष्णतेने भिंतीतल्या प्रथिनांचे आकसणे. एवढ्यापुरते साम्य खरे आहे, आणि एवढ्यापुरती उपमा निर्दोष आहे. पण उपमेत 'सारखे' हा वाचक शब्द लागतो. तो गळला की रूपक होते, आणि दोन वस्तूंत अभेद मानला जातो. निबंधांच्या मथळ्यांत हे पहिल्याच ओळीत घडते. 'कुत्र्यांचे रक्तस्रावी अल्सर' असे लिहिले जाते. त्या कुत्र्यांना अल्सर नव्हता. त्यांना जखम केली होती. पुढे उपकरणाच्या माहितीपत्रकात कुत्राही दिसत नाही. 'अल्सरमधील रक्तस्राव प्रभावीपणे थांबवते' एवढेच उरते. एक बाजू दुसरीने गिळून टाकली, आलंकारिकांच्या भाषेत निगीर्ण झाली, की अतिशयोक्ती होते. (तो अलंकार उपमान उपमेयाला गिळते तेव्हाचा. येथे गिळणारा माणूस आहे, आणि गिळला गेलेला कुत्रा.) पद्धतीत उपमा, मथळ्यात रूपक, बाजारात अतिशयोक्ती: अलंकारांची ही चढती भाजणी आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहिता येते, संहितेत ओळखता येत नाही.

ही निव्वळ शब्दांची उठाठेव आहे, असे वाटत असेल तर पुढचा तपशील पाहावा. कापलेल्या चकतीखाली फुटतात त्या प्रामुख्याने बारीक वाहिन्या. माणसाला मरणाच्या दारात नेणारा रक्तस्राव बहुधा अल्सरच्या तळाशी कुरतडल्या गेलेल्या धमनीतून होतो. स्वेन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांत अशा वाहिन्या मोजल्या. सरासरी व्यास सुमारे ०.७ मिलिमीटर भरला, आणि काही याहून बऱ्याच जाड होत्या. म्हणजे साधारणधर्म कोणता, हा प्रश्न जीवनमरणाचा होता. मोजलेल्या जाडीच्या धमन्यांवर केलेल्या १९८७च्या तुलनेचे मोल यातच आहे. उपमा नेमकी कोठवर खरी आहे, ते तिने तपासले. उपमा काळजीपूर्वक वाचल्याने विज्ञानाचे नुकसान झाले नाही. जीव वाचले, आणि चुकीच्या साम्यावर आणखी कुत्री खर्ची पडण्याचे काही अंशी टळले असणार.

शिवाय कोणतेही रूपक काही प्रश्न दिसेनासे करते. पात्याने केलेल्या जखमेला कारण विचारता येत नाही; ते आपल्याला आधीच ठाऊक असते. अल्सर कशामुळे होतो, हा प्रश्न त्या मॉडेलच्या चौकटीत मांडताच येत नव्हता. त्याचे उत्तर चौकटीबाहेरून, एका पेल्यातून आले. सळया निरुपयोगी होत्या, असा याचा अर्थ नाही. जिवाणूवर औषध सापडले तरी रात्री दोन वाजता वाहणारे रक्त थांबवावेच लागते. अर्थ एवढाच, की आपल्या उपमेची मर्यादा लेखनात नोंदवणे हा नम्रतेचा उपचार नसतो. तो ज्ञानाचा भाग असतो.

एका शब्दाच्या वाचनावर पशूचा जीव अवलंबून असतो, हे आपल्या परंपरेला नवे नाही. महाभारताच्या शांतिपर्वात उपरिचर वसूची कथा आहे. यज्ञात 'अज' अर्पण करावा, असे वचन. देव म्हणतात, अज म्हणजे बोकड. ऋषी म्हणतात, अज म्हणजे जे पुन्हा उगवत नाही ते बी, धान्य. निवाडा राजाकडे येतो. राजा देवांची बाजू घेतो आणि आकाशगामी रथातून खाली पडतो. पक्षपाताने शब्द वाचणाऱ्याला शिक्षा आहे, आणि ती वाचकाला आहे, यज्ञकर्त्याला नाही. मॉडेल म्हणजे प्राणीच, असा अर्थ गृहीत धरणाऱ्या आपल्या काळाने ही कथा पुन्हा वाचावी.

कारण दुसरा अर्थ उपलब्ध आहे. १९९७ साली जर्मनीतल्या एर्लांगेन येथे होखबेर्गर आणि सहकाऱ्यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या जठरात वाहिन्या शिवून, पंपाने कृत्रिम रक्त खेळवून, रक्तस्राव थांबवण्याचा सराव करता येईल असा साचा तयार केला. त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात पिठाचा पशू आणला आणि पिष्टपशूवरून वैदिकांत पिढ्यान्‌पिढ्या वाद रंगले, तो प्रकार आपल्याला ठाऊक आहे. एर्लांगेनचा साचा हा एंडोस्कोपीचा पिष्टपशूच. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही, ज्याच्या मागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची चिकाटी होती, सांगतो की केवळ हातसफाई मिळवण्यासाठी होता होईतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. अर्थात साच्याला मर्यादा आहे. मेलेले जठर गोठत नाही, भरून येत नाही, आठवड्याने छिद्र पडले का ते सांगत नाही. नव्या उपकरणासाठी जिवंत प्राणी लागतो तो याच कारणाने. लागतो, तर तसे लिहा: कोणता प्रश्न साच्यावर सुटत नव्हता, म्हणून किती प्राणी घेतले. रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच पर्याय, घट आणि सुधारणा ही त्रिसूत्री दिली आहे. २०१० पासून 'अराइव्ह' नावाची लेखनसूत्रे प्राण्यांची संख्या, जात, लिंग, वजन नोंदवायला सांगतात. संख्या आली, हे चांगले झाले. कर्ता अजून यायचा आहे.

५.

आता थोडे आपल्या बाजूच्या लोकांविषयी, कारण दोष एकाच गोटात नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयी साहित्यिक जेव्हा बोलतात, तेव्हा ते बहुधा गहिवरतात. गहिवर हा पुरावा नसतो, हे १९०३ साली लंडनमध्ये सिद्ध झाले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस यांनी एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांसमोर केलेले प्रात्यक्षिक दोन स्वीडिश तरुणींनी पाहिले आणि आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. कुत्र्याला पुरेशी भूल नव्हती, असा आरोप स्टीफन कोलरिज यांनी जाहीर सभेत केला. हे गृहस्थ कवी कोलरिजच्या घराण्यातले. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. दोन हजार पौंड भरपाई मिळाली. पुढे १९०६ साली बॅटरसीमध्ये त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून दंगे केले, १९१० साली तो रातोरात हटवला गेला. एवढ्या गदारोळात, त्याच कुत्र्यावर दोन महिन्यांत दुसऱ्यांदा चाकू चालला होता, हा नेमका आणि तपासण्याजोगा मुद्दा मागे पडला. विशेषणांनी खटला लढवला, आणि विशेषणे हरली.

म्हणून कुत्र्यांना नावे द्या, त्यांच्या डोळ्यांतले भाव टिपा, अशी माझी मागणी नाही. पावलोव्हच्या कुत्र्यांना नावे होती. त्यांतल्या एकाचे नाव 'द्रुझोक' होते, म्हणजे छोटा मित्र. नाव असल्याने द्रुझोकचे पोट कमी कापले गेले नाही. गहिवर आणि 'करण्यात आले' ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. एकात कर्ता राक्षस होतो, दुसऱ्यात अदृश्य होतो. आणि राक्षसाकडे काय, अदृश्याकडे काय, हिशेब मागता येत नाही.

हिशेब मागता येतो तो माणसाकडे, आणि माणूस वाक्यात आणणे हे आपले काम आहे. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत उद्या 'सॅक्रिफाइस' साठी प्रतिशब्द शोधला जाईल, तेव्हा 'बलिदान' सुचवणाऱ्याला अडवणे हे आपले काम आहे. पदवीच्या वर्गात कवितेशेजारी 'साहित्य आणि पद्धती' चे एक पान ठेवून प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' असे विचारायला लावणे, हेही आपलेच काम आहे. शैलीविज्ञानाचा याहून सोपा आणि याहून अवघड धडा मला सुचत नाही.

नमुन्यादाखल मी एक परिच्छेद रचला आहे. कोणत्याही एका निबंधातला तो नाही, आणि शास्त्राच्या अचूकतेत त्याने काही उणे होते का, ते वाचकांनी सांगावे:

'आम्ही बारा कुत्री घेतली. आमच्यापैकी एकाने त्यांना भूल दिली, दोघांनी पोट उघडले आणि पात्याने जठरात जखमा केल्या. कुत्र्यांना अल्सर नव्हता. माणसाच्या अल्सरमधली वाहिनी आणि ही वाहिनी जाडीत सारख्या आहेत, एवढेच आम्ही गृहीत धरतो. सळई किती जोराने दाबावी, हे मेलेल्या जठरावर कळले नसते, म्हणून जिवंत कुत्री घेतली. भूल उतरल्यावर त्यांना दुखले असणार. त्यासाठी आम्ही वेदनाशामक दिले. सातव्या दिवशी, जखम किती खोल गेली ते पाहण्यासाठी, आम्ही त्यांना मारले.'

हा परिच्छेद लिहायला मला फार वेळ लागला. 'मारले' पाशी हात थबकला आणि 'करण्यात आला' कडे आपोआप वळला. त्या वळणाची मला ओळख आहे. सळईने वाहिनी दाबली जात असताना मीही खोलीबाहेर पाठ करूनच उभा होतो.